हातातलं प्रायमिंग टूल: निवडायचं कसं, वापरायचं कसं

काडतूस चार वस्तूंचं बनतं: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली पावडर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार काढला की गोळी निघून जाते, पावडर जळून जाते, प्रायमर ठिणगी टाकून संपतो. उरते ती पुंगळी, आणि काडतुसातला सगळ्यात महाग भाग बहुधा तोच असतो. म्हणून अमेरिकेतले अनेक शिकारी आणि नेमबाज रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी नेतात आणि त्या पुन्हा भरतात. याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. छंद जुना आहे. जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीने १८८४ साली कनेक्टिकटमध्ये हातात धरून काडतुसं भरायची पकडीसारखी हत्यारं बनवायला सुरुवात केली. पुढे तो धंदा लायमन कंपनीकडे गेला आणि लायमन आजही रीलोडिंगचं सामान विकते.

रीलोडिंगच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. जुना प्रायमर बाहेर काढायचा, पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, स्वच्छ करायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर मोजून ओतायची आणि शेवटी गोळी बसवायची. प्रायमर नेहमी पावडरीच्या आधी बसतो, म्हणजे चुकून तो फुटलाच तर पुंगळी रिकामी असते. हा लेख प्रायमर बसवायच्या त्या एकाच पायरीबद्दल आणि त्यासाठी हातात धरायच्या साधनाबद्दल, म्हणजे प्रायमिंग टूलबद्दल आहे. बाकीच्या पायऱ्यांमध्ये मोजमाप लागतं, या पायरीत बोटांना कळावं लागतं. हातातलं प्रायमिंग टूल निवडताना आणि वापरताना जे काही ठरवायचं असतं ते या एका गोष्टीभोवती फिरतं: प्रायमर आत जाताना बोटांना काय जाणवतंय.

प्रायमरच्या आत काय असतं

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना केप माहीत असते. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि नळीतली दारू पेटते. प्रायमर म्हणजे त्याच केपेचा पुढचा अवतार, फक्त तो बंदुकीवर नसतो, काडतुसाच्या बुडात बसतो. धातूची चिमुकली वाटी, तिच्या तळाशी आघाताने भडकणाऱ्या मिश्रणाची कणभर चकती, आणि वर तीन किंवा दोन पायांची छोटीशी ऐरण. फायरिंग पिन, म्हणजे बंदुकीतली ठोका देणारी पिन, वाटीवर आपटते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडलं जातं आणि ज्वाला भोकातून पावडरीपर्यंत पोचते. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये मुख्य स्फोटक लेड स्टिफ्नेट असतं, म्हणजे शिशाचं संयुग. हे लक्षात ठेवा, पुढे हात धुण्याचा विषय येणार आहे.

पावडर आणि प्रायमर यांच्यातला फरक नवख्या माणसाला नीट सांगायला हवा. धूरविरहित पावडर उघड्यावर पेटवली तर भराभर जळते, पण साध्या ठोक्याने ती सहसा फुटत नाही. प्रायमरचं कामच ठोक्याने फुटण्याचं आहे. रीलोडिंगच्या टेबलावर आघाताने स्फोट होण्यासाठीच बनवलेली वस्तू एकच, ती म्हणजे हा प्रायमर.

प्रायमर दोन घराण्यांचे. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन हायरम बर्डन या दोघांनी १८६६ च्या सुमारास आपापली रचना पुढे आणली. बॉक्सर पद्धतीत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक असतं. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि भोकं बाजूला, बहुधा दोन. गंमत अशी की ब्रिटिश माणसाची पद्धत अमेरिकेने उचलली. मधल्या एका भोकातून पिन घालून जुना प्रायमर ढकलून काढता येतो, म्हणून घरी पुन्हा भरायला बॉक्सरच सोयीचा. या लेखातली सगळी टूल्स बॉक्सर प्रायमरसाठीच आहेत. पुंगळीत डोकावून पाहिलं आणि दोन भोकं दिसली, तर ती बाजूला ठेवा.

मापं दोन. लहान प्रायमरचा व्यास ०.१७५ इंच, मोठ्याचा ०.२१० इंच. प्रत्येक मापात रायफलचा आणि पिस्तुलाचा वेगळा. मोठ्या मापात रायफलचा प्रायमर पिस्तुलाच्या प्रायमरपेक्षा उंचीला जास्त असतो, त्यामुळे तो पिस्तुलाच्या पुंगळीत बसवला तर बाहेर डोकावतो. लहान मापात उंची सारखीच, पण वाटीच्या पत्र्याची ताकद वेगळी, म्हणजे चूक डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या प्रायमरचं खोकं हवं.

प्रायमरची खोली हीच खरी बाब

प्रायमर ज्या खळग्यात बसतो त्याच्या तळाला ऐरणीचे पाय टेकले पाहिजेत आणि त्यानंतर किंचित आणखी दाब बसला पाहिजे, म्हणजे ऐरण मिश्रणावर हलकीशी रेलते. एवढं झालं की प्रायमर पिनच्या ठोक्यासाठी तयार असतो. बाहेरून पाहिलं तर तो पुंगळीच्या बुडाच्या सपाटीपेक्षा थोडा आत गेलेला दिसतो. सर्वसाधारणपणे ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकं.

तो वर राहिला तर काय होतं? पिनचा पहिला ठोका प्रायमरला खाली ढकलण्यात खर्च होतो, बार उडत नाही. दुसऱ्यांदा चाप ओढला की उडतो. घरी भरलेली काडतुसं अशी पहिल्या ठोक्याला गप्प आणि दुसऱ्याला बोलती होऊ लागली, तर प्रायमरच्या कंपनीला दोष देण्याआधी खोली तपासावी. रिव्हॉल्व्हरमध्ये वर आलेला प्रायमर मागच्या पत्र्याला घासतो आणि चक्र फिरायचं थांबतं. सगळ्यात गंभीर धोका अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये. गॅरंड किंवा एआर-१५ सारख्या रायफलीत फायरिंग पिन स्प्रिंगने मागे धरलेली नसते. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा भाग, जोरात बंद होताना ती पुढे सरकून प्रायमरला हलकं टेकते. प्रायमर नीट खाली असेल तर काही होत नाही. वर असेल तर चापाला बोट न लावता बार उडू शकतो. अशा रायफलीसाठी भरताना प्रत्येक पुंगळीवरून बोट फिरवणं मी सक्तीचं मानतो.

उलट बाजूला, जास्त दाबला तर मिश्रणाची चकती तडकते आणि ज्वाला कमजोर किंवा अनियमित होते. पण नवख्यांकडून होणारी चूक बहुधा पहिली असते. स्फोटाच्या भीतीने हात आखडतो आणि प्रायमर पुरता बसत नाही.

प्रेस असताना हे टूल कशाला

टेबलाला बोल्टने आवळलेल्या रीलोडिंग प्रेसवरही प्रायमर बसवता येतो. अनेक जण तसंच करतात. अडचण लांब दांड्याची आहे. पुंगळी साच्यात दाबायला भरपूर जोर लागतो, म्हणून प्रेसचा दांडा तो जोर कित्येक पटींनी वाढवतो. तोच दांडा प्रायमर बसवताना बोटांपर्यंत येणारी सगळी माहिती गिळून टाकतो. प्रायमर तिरका शिरतोय की सरळ, खळगा सैल आहे की घट्ट, काही कळत नाही.

विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये आणलेला ली लोडर हा दुसऱ्या टोकाचा स्वस्त प्रकार. त्यात लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करून प्रायमर आत बसवतात. चालतो, पण मधूनच एखादा प्रायमर हातोडीखाली फुटतो आणि माणूस दचकतो. ज्याने ली लोडरवर सुरुवात केली, त्याने सगळ्यात आधी घ्यावी अशी वस्तू म्हणजे हातातलं प्रायमिंग टूल.

या टूलची रचना सोपी आहे. वर प्रायमरचा झाकणवाला ट्रे. ट्रेमधून एकेक प्रायमर घसरत एका दांडीच्या डोक्यावर येतो. पुंगळी तिच्या कडेला धरणाऱ्या खाचेत अडकवायची आणि मूठ दाबायची. दांडी वर जाते, प्रायमर खळग्यात बसतो. दांडीचा प्रवास छोटा आणि जोर मुठीचाच, म्हणून सगळं हाताला कळतं. प्रेसपासून दूर, खुर्चीवर बसून, चांगल्या उजेडात काम करता येतं, हाही फायदा.

निवडताना

पहिला प्रश्न, पुंगळी कशाने धरायची. दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक पुंगळीच्या मापाचा वेगळा शेल होल्डर लागतो. दुसरीत स्प्रिंगच्या जबड्यांची युनिव्हर्सल रचना असते, जी कुठल्याही कडेला धरते. कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या आरसीबीएस कंपनीकडे दोन्ही प्रकार मिळतात. एकच माणूस पिस्तुलाच्या आणि रायफलीच्या चार-पाच प्रकारच्या पुंगळ्या थोड्या थोड्या भरत असेल, तर युनिव्हर्सल त्याचा वेळ वाचवतं. एकाच प्रकारच्या शेकडो पुंगळ्या भरायच्या असतील, तर शेल होल्डर बरा. तो पुंगळीला जास्त सरळ धरतो आणि जबड्यांसारखा झिजत नाही.

शेल होल्डरच्या क्रमांकात मोठा घोळ आहे. प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे. .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसासाठी आरसीबीएसचा ३ नंबर, लीचा २ नंबर, रेडिंग आणि हॉर्नेडीचा १ नंबर. .२२३ ला आरसीबीएस आणि रेडिंगचा १०, लीचा ४, हॉर्नेडीचा १६. शिवाय लीच्या ऑटो प्राइम या जुन्या प्रायमिंग टूलला प्रेसचे शेल होल्डर चालत नसत, त्याचा संच वेगळा घ्यावा लागे. विकत घेण्यापूर्वी एवढंच विचारा: माझ्याकडचे प्रेसचे होल्डर यात बसतात का? बसत असतील तर पैसे वाचले. फ्रँकफर्ड आर्सेनल कंपनीच्या परफेक्ट सीटसारख्या टूलसोबत होल्डरचा संच येतो, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला ते सोयीचं पडतं.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा, आणि माझ्या मते हा पहिला असायला हवा. बसवताना एखादा प्रायमर फुटला, तर ज्वाला ट्रेमधल्या बाकीच्या प्रायमरपर्यंत पोचेल का? एक प्रायमर फुटला तर कानठळ्या बसतात आणि बोट भाजतं. ट्रेमधले शंभर एकदम फुटले तर हात आणि डोळे जाऊ शकतात. आरसीबीएसच्या टूलमध्ये प्रायमर बसण्याच्या क्षणी ट्रेचा रस्ता बंद करणारं दार आहे. लीच्या जुन्या टूलसोबतच्या सूचनेत ठरावीक कंपन्यांचेच प्रायमर वापरा असं बजावलेलं असे, ते याच कारणाने. फेडरल कंपनीचे प्रायमर संवेदनशील म्हणून नेमबाजांना आवडतात आणि त्यांचं खोकंही इतरांपेक्षा बरंच मोठं असतं, कारण आत प्रायमर एकमेकांपासून अंतर राखून ठेवलेले असतात. कुठल्या टूलमध्ये कुठले प्रायमर चालतात हे टूलच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तो कागद फेकू नका.

तिसरा प्रश्न हाताचा. काही टूल्स अंगठ्याने दाबायची असतात, काही पूर्ण मुठीने. शंभर पुंगळ्या झाल्या की अंगठ्याच्या सांध्याला कळतं. संधिवात असेल किंवा पकड कमजोर असेल, तर हातातल्या टूलचा हट्ट धरू नये. टेबलावर बसवायचं छोट्या दांड्याचं प्रायमिंग टूल मिळतं, त्यात जाणीवही बऱ्यापैकी राहते. दुकानात शक्य असेल तर रिकामं टूल हातात धरून दहा-बारा वेळा दाबून पाहा.

लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजांसाठी ट्रे नसलेली, एकेक प्रायमर हाताने ठेवायची टूल्स असतात. सिंक्लेअर, ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी, के अँड एम ही त्यातली नावं. काहींत खोली सूक्ष्म प्रमाणात कमीजास्त करता येते. हजार यार्डांवर कागदाला भोकं पाडणाऱ्याला खोलीतला सारखेपणा महत्त्वाचा वाटतो, आणि तो चुकीचा नाही. हरणाच्या शिकारीला वर्षाकाठी दोन-तीन खोकी भरणाऱ्याला त्यावर जास्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही. त्याने त्या पैशांत चांगला चष्मा आणि खळगे साफ करायचं हत्यार घ्यावं.

वापरताना

काम पुंगळीपासून सुरू होतं. खळग्यात जळक्या मिश्रणाची काजळी साचलेली असते. ती खरवडून काढा, नाहीतर प्रायमर तिच्यावर टेकतो आणि तळाला पोचल्यासारखा भास होतो. लष्करी पुंगळ्या असतील, उदाहरणार्थ मिसूरीतल्या लेक सिटी कारखान्याच्या, तर प्रायमरभोवती पितळ दाबून वळवलेलं असतं. जुना प्रायमर निघाला तरी ती वळलेली कड राहते आणि नव्या प्रायमरला आडवी येते. ती कापून किंवा दाबून काढल्याशिवाय पुंगळी टूलमध्ये घालू नका. आणखी एक सापळा .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाचा. या पुंगळ्या पूर्वी मोठ्या प्रायमरच्याच असत. आता काही कंपन्या लहान प्रायमरच्याही बनवतात. नेमबाजीच्या रेंजवरून उचललेल्या ढिगात दोन्ही मिसळलेल्या असतात. लहान खळग्यात मोठा प्रायमर कोंबणं हा तो फोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे, म्हणून आधी एकेक उलटी करून निवडून घ्या.

डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा हवाच, कानावरही काही असलं तर उत्तम. हात कोरडे आणि तेलाविना. ट्रेच्या तळाला गोल खाचा असतात. प्रायमर त्यात ओतून ट्रे हलकेच हलवला की उलटे प्रायमर सुलटे होतात. झाकण लावा. एका वेळी लागतील तेवढेच ओता. जागेवर सिगारेट, हीटर, मूल, काहीही नको.

पुंगळीचं तोंड स्वतःच्या आणि इतरांच्या चेहऱ्यापासून दूर ठेवा. आता हळू दाबा. आधी थोडा अडथळा जाणवतो, प्रायमर खळग्याच्या कडेतून आत शिरतोय. मग एकसारखं सरकणं. मग ठाम टेकणं, तळ लागला. त्यानंतर मुठीचा अगदी थोडा जास्तीचा दाब द्यायचा, ऐरण मिश्रणावर रेलवण्यासाठी. नवशिक्याचा हात इथेच थांबतो. पुढच्या दहा-वीस पुंगळ्यांत त्याला तो शेवटचा दाब कळू लागतो.

अडथळा न येता प्रायमर सरळ घसरून गेला तर खळगा सैल झाला आहे. ती पुंगळी भंगारात. अशा बऱ्याच पुंगळ्या एकदम निघाल्या, तर मागच्या खेपेला पावडर जास्त पडून दाब वाढला असावा; भरण्याचं पुस्तक उघडून प्रमाण पुन्हा तपासा. उलट सुरुवातीलाच कडक विरोध आला, तर थांबा. जोर वाढवू नका. प्रायमर तिरका असेल, लष्करी कड राहिली असेल किंवा माप चुकलं असेल. हात सैल करा, पुंगळी काढा, पाहा. माझ्या मते या कामात होणारे अपघात टाळायचे असतील, तर "अजून जरा दाबून बघू" हे वाक्य मनातून कायमचं काढून टाकावं लागतं.

प्रायमर उलटा किंवा चिरडून बसला, तर ती पुंगळी वेगळी ठेवा. तो बाहेर काढणं हे हातातल्या टूलचं काम नाही. प्रेसवर, चष्मा लावून, धक्का न देता संथ दाबाने तो निघतो, आणि निघालेला प्रायमर पुन्हा वापरायचा नसतो. पण भरून तयार झालेल्या काडतुसात प्रायमर वर राहिलेला दिसला, तर तो खाली दाबायचा प्रयत्न कधीही करू नका. आत पावडर आहे आणि पुढे गोळी आहे. काडतूस सोडवून पहिल्यापासून भरा.

तपासणी सोपी. बसवल्याबरोबर बोटाचं पेर बुडावरून फिरवा. खड्डा जाणवला पाहिजे, उंचवटा नाही. शंका आली तर पुंगळी सपाट काचेवर उभी करा. डगमगली तर प्रायमर वर आहे.

कायद्याचं थोडं

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायची तर लागतो. पण तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तिथल्या केंद्रीय कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे भागही येतात. आणि एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं यासारखे मोजके अपवाद सोडले, तर नुसतं प्रायमरचं खोकं घरात ठेवणंही गुन्हा ठरू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. मित्राच्या तळघरात शनिवारी मदत करायला जाण्याआधी स्वतःचा व्हिसा आणि राज्याचा कायदा वकिलाला दाखवून घ्या.

भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही आहे. सुट्टीला घरी येताना बॅगेत प्रायमर, भरलेलं काडतूस, हौस म्हणून ठेवलेली पुंगळी किंवा हे टूल, काहीही नको.

काम संपल्यावर

ट्रेमध्ये उरलेले प्रायमर कंपनीच्या मूळ खोक्यातच परत ठेवा. काचेच्या बरणीत किंवा डब्यात एकत्र ओतून ठेवलेले प्रायमर एकमेकांवर घासतात, आणि एक फुटला तर सगळे फुटतात. मूळ खोक्याची रचना हे टाळण्यासाठीच असते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षेच्या मानकात घरात जास्तीत जास्त १०,००० प्रायमर ठेवायची मर्यादा आहे. २०२० नंतर तिथे प्रायमरची मोठी टंचाई झाली आणि मिळेल तेव्हा साठवायची सवय अनेकांना लागली, त्यामुळे ही मर्यादा कपाटाच्या दारावर लिहून ठेवण्यासारखी आहे. जागा थंड, कोरडी आणि पावडरीपासून वेगळी हवी.

टूलमधली बारीक धूळ कोरड्या फडक्याने पुसा. तेल लावायचं तर फक्त दांड्याच्या सांध्याला, प्रायमरच्या वाटेवर नाही. तेल लागलेला प्रायमर भरवशाचा राहत नाही. दुसऱ्या प्रकारचे प्रायमर ओतण्याआधी ट्रे उलटा करा, टूल हलवा आणि घसरणीत एखादा अडकलेला नाही ना हे उजेडात डोळ्यांनी पाहा. मग साबणाने हात धुवा, जुने प्रायमर काढताना आणि खळगे खरवडताना शिशाची धूळ बोटांना लागलेली असते. तोवर चहाच्या कपाला हात लावू नका, आणि लहान मुलाला उचलून घेणार असाल तर आधी शर्टही बदला.